‘आतली कडी’ : एका गाण्याच्या कामाच्या नोंदी

काम असे : माणूस स्वतःच्याच कामात मोडता घालतो आणि त्यामागे धास्ती असते, यावर साडेतीन मिनिटांच्या आतले मराठी गाणे. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण घरच्या घरी, मिक्सिंग बाहेर. अंदाज तीन आठवड्यांचा होता, आठ लागले. वेळ कुठे गेला ते खाली तारखेनुसार आहे. असे गाणे करायला घेणाऱ्याला यातल्या निम्म्या चुका टाळता येतील.

२ जून

पहिला खर्डा बारा ओळींचा झाला. त्यात ‘काळोख’ चार वेळा, ‘वादळ’ दोनदा, ‘पिंजरा’ आणि ‘आरसा’ एकेकदा. ठरवलेले नाव ‘अंतर्युद्ध’. मोठ्याने वाचल्यावर कळले की हे गाणे कुणाबद्दलही असू शकते. प्रेमभंग, बेकारी, म्हातारपण, काहीही घाला, चालेल. सगळा खर्डा बाजूला ठेवला. नवा नियम : मनाचे नाव घ्यायचे नाही, हाताने केलेली कृती लिहायची. कोणते बटण, कोणते दार, किती वाजता.

४ जून

दुसरा खर्डा मनाला उद्देशून. सुरुवात ‘मना’ने केली आणि ओळ आपोआप अशी आली :

मना का तुझे तू असे पाय ओढी

गण मोजले तर चारही यगण (एक ऱ्हस्व, दोन दीर्घ), बारा अक्षरे, निर्दोष भुजंगप्रयात. हे वृत्त मराठी कानात समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांनी इतके पक्के बसले आहे की ‘मना’ म्हटले की पुढचे शब्द त्याच चालीत येऊन बसतात, आणि लगेच उपदेश सुरू होतो. श्लोकांचे कामच उपदेशाचे आहे, तिथे ते शोभते. इथे मात्र ज्याची छाती रात्री दोन वाजता धडधडते त्याला आणखी एक दटावणी ऐकू येईल. शिवाय ओळ वीस मात्रांची (ऱ्हस्व म्हणजे लघु अक्षराची एक मात्रा, दीर्घ म्हणजे गुरूच्या दोन), म्हणजे ओढून-ताणून दहा मात्रांच्या झपतालात जाणार.

सोडून दिले. संबोधनच नको. गाणे पहिल्या पुरुषात, ‘मी’चे.

५ जून

शब्दांची चाचपणी. ‘अँग्झायटी’ला मराठीत एक शब्द शोधण्यात पूर्ण दिवस गेला. ‘काळजी’ आई घेते, तिच्यात माया आहे. ‘चिंता’ म्हटली की ‘चिता’ यमकासाठी दारात उभीच असते. ‘धास्ती’ बाहेरच्या कशाची तरी असते, साहेबाची, परीक्षेची. ‘धाकधूक’ निकालाआधीची, निकाल लागला की संपते. ‘घालमेल’ सगळ्यात जवळची, पण गाण्यात तो शब्द आला की बाकीच्या ओळी त्याचे स्पष्टीकरण वाटू लागतात. शेवटी एकही वापरला नाही. पाच जूनचा दिवस वाया गेला असे मात्र वाटत नाही. कोणते शब्द नकोत हे ठरल्यावर पुढचे लिखाण सरळ झाले.

८ जून

ध्रुवपद मिळाले. धरून ठेवण्याजोगी वस्तू सापडली ती दाराची कडी. कुलूप बाहेरून घालता येते, आतली कडी आतूनच लागते.

आतली कडी मीच लावली,
बाहेर मीच वाट पाहते;
हाक मारते, ऐकते मीच,
ओ देण्याचे मात्र राहते.

प्रत्येक ओळ सोळा मात्रांची, आठ-आठ. म्हणजे आठ मात्रांच्या केहरव्याची दोन आवर्तने. मोजताना होणारी नेहमीची चूक इथे लिहून ठेवतो : जोडाक्षराआधीचा ऱ्हस्व सरसकट गुरू धरायचा नाही. ‘पुन्हा’, ‘घड्याळ’, ‘जिन्यातून’ यांतले पहिले अक्षर लघुच राहते, कारण न्ह, ड्य, न्य उच्चारताना मागच्या अक्षरावर आघात येत नाही. ‘उत्तर’, ‘गप्प’, ‘अर्ज’ यांत येतो, तिथे गुरू. कागदावर न मोजता टाळी देत मोठ्याने म्हणायचे, जीभ कुठे अडते ते लगेच कळते.

‘ओ द्यायचं मात्र राहतं’ असे बोलीतले रूप करून पाहिले. दोन कारणांनी परत फिरावे लागले. ‘पाहते–राहतं’ यमक तुटते, आणि ओळीच्या शेवटी लांबवायला ‘ते’मधला ए मिळतो तसा ‘तं’मध्ये काही मिळत नाही.

११ जून

पहिले कडवे. विषय : पूर्ण भरलेला अर्ज शेवटच्या बटणाशी अडतो आणि मुदत उलटते.

फॉर्म भरलाय, फोटो डकवला,
बटणापाशी बोट थबकले;
घड्याळ बघता बारा झाले,
म्हटले, नाही जमले... सुटले.

या कडव्याचा आणि सगळ्या गाण्याचा जीव ‘सुटले’मध्ये आहे. मुदत हुकल्यावर त्या क्षणी दुःख होत नाही, हायसे वाटते. त्या हायसे वाटण्यापायीच माणूस पुढच्या वेळीही तेच करतो. आधीच्या सगळ्या खर्ड्यांत पश्चात्ताप होता, सुटका नव्हती, म्हणून ते खोटे वाटत होते.

‘बारा वाजले’ का नाही? एक मात्रा वाढते, आणि दुसरे म्हणजे त्या शब्दांना हसण्याचा वास आहे. ‘थबकले–सुटले’ हे यमक सैल आहे. ‘गोठले’ घातले तर जास्त जुळते, पण बोट गोठत नाही, थबकते. सैल यमक ठेवले.

१२ जून

चूक दाखवली गेली : फोटो ‘डकवला’ म्हणजे कागदी अर्ज, मग बटण कुठून आले? बरोबर आहे. ऑनलाइन फॉर्मला लोक ‘फोटो चढवला’ म्हणतात. मात्रा तेवढ्याच. बदलले.

१५ जून

दुसरे कडवे. आधीची ओळ ‘कुलूप ओढून बघते पुन्हा’ अशी होती. ‘कुलूप ओढून’ नऊ मात्रांचे होते. गाताना ‘लू’ आखूड करावा लागतो आणि शब्द ‘कुलप’ असा ऐकू येतो. तीन दिवस कुलपाभोवती फिरण्यात गेले. शेवटी कुलूपच काढले :

गॅस पाहिला, पुन्हा पाहिला,
जिन्यातून मी मागे फिरले;
दार बरोबर, गॅस बरोबर,
छातीमधले काय विसरले?

पहिल्या दोन ओळी वाचून बहुतेकांना आपला जिना आठवतो. तिसऱ्या ओळीत सगळे ठीक असल्याचे कळते, आणि तरीही धडधड थांबत नाही. ते ‘तरीही’ लिहायचे नव्हते, प्रश्नातून यायला हवे होते.

१९ जून

तिसऱ्या कडव्याचा पहिला खर्डा :

कडी काढली, दार उघडले,
ऊन आतले अंगण झाले.

ओळी गोड आहेत. दोन दिवस सोडवेनात. मग शब्द एका समुपदेशक ताईंना वाचायला दिले, रीतसर एका सत्राचे हजार रुपये देऊन. फुकट मत मागू नये, घाईत मिळते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, शेवटी दार उघडलेले दाखवले तर ज्याला उघडता येत नाही त्याला तो स्वतःचा दोष वाटतो. दोन, गॅस पुन्हा बघण्याची ओळ ठेवा, पण आकडा घालू नका, ‘तीनदा’, ‘सातदा’ असे म्हटले की ऐकणारा स्वतःची मोजणी ताडून पाहतो. तीन, त्रासाला सुंदर करू नका. तिसरे मनाला लागले, कारण पहिल्या खर्ड्यातला काळोख नेमका सुंदर होता.

२१ जून

तिसरे कडवे नव्याने :

कडीस नाही कुलूप कुठले,
एक बोटही तिला पुरावे;
बोट ठेवते, बोट काढते...
आज एवढे तरी जमावे.

पहिल्या कडव्यात बटणापाशी थबकलेले बोट इथे कडीवर परत येते. हे ठरवून झाले नव्हते, लक्षात आल्यावर मात्र जपले. ‘कडीस’ जुन्या वळणाचे आहे, ‘कडीला’ने मात्रा वाढते. ‘भरलाय’ आणि ‘कडीस’ एकाच गाण्यात, ही भाषेची गाठ नीट बसलेली नाही. याहून बरे सापडले नाही.

२४ जून

गाणार कोण हे आधी ठरवायला हवे होते. पुरुष आवाज गृहीत धरून चाल बांधायला घेतली होती, आणि मराठीत क्रियापद लिंग सांगते. ‘वाट पाहतो’ केले की ‘मात्र राहते’शी यमक तुटते. ‘सुटलो’ केले की ‘थबकले’ एकटे पडते. हिशेब जमवण्यात दोन दिवस गेले, मग गायिका ठरवली. मराठीत पहिल्या पुरुषात गाणे लिहिणाऱ्याने कागदावर पहिली ओळ लिहिण्याआधी आवाज बाईचा की बुवाचा ते ठरवावे.

पट्टी काळी चार. स्वर : ग, ध, नि कोमल, बाकी शुद्ध.

२६ जून

चाल. पहिला प्रयत्न मिनिटाला ११२ मात्रा. गाणे सव्वाचार मिनिटांवर गेले आणि ऐकायला रडगाणे झाले. धास्ती संथ नसते, घाईत असते. लय १४४वर नेली. एक ओळ पावणेसात सेकंदांच्या आत बसते, सगळे मिळून तीन मिनिटे वीस सेकंद.

चाल बांधताना शब्दांची एक गंमत हाती लागली, ती जशीच्या तशी वापरली. केहरवा चार-चार असा चालतो : धागेनाति नकधिन. ध्रुवपदातले शब्द मात्र पाच-तीन, तीन-पाच असे तुटतात. ‘आतली’ पाच, ‘कडी’ तीन. ‘मीच’ तीन, ‘लावली’ पाच. म्हणजे आठांतल्या दुसऱ्या शब्दाचा जोर तबल्याच्या जोरावर पडतच नाही, पाय चुकल्यासारखा पुढे-मागे पडतो. पहिल्या कडव्याच्या शेवटी ‘जमले सुटले’ हे चार-चार आहे, बरोबर ठेक्यावर. जिथे हायसे वाटते तिथे गाणे ठेक्यात येते, आणि लगेच ‘आतली कडी’ला पुन्हा पाय अडखळतो. संगीतकाराने आधी ध्रुवपदाचे शब्द ताणून चार-चारात बसवले होते. ‘आत-ली-ई क-डी’. ते काढून टाकले.

२८ जून

‘काय विसरले?’ची चाल षड्जावर (‘सा’वर) येऊन थांबत होती, त्यामुळे प्रश्नाला उत्तर मिळाल्यासारखे वाटत होते. रिषभावर (‘रे’वर) लटकत सोडली. ठरवले की सबंध गाण्यात षड्जावर पूर्ण विसावा एकाच शब्दाला, ‘सुटले’ला. बाकी सगळे अर्धवट उभे राहील.

‘ऐकते मीच’नंतर एक आवर्तन रिकामे. तबलाही थांबतो. आठ मात्रा, सव्वातीन सेकंदांहून थोडे जास्त. ऐकणारा ‘ओ’ची वाट पाहतो, आणि मग ‘ओ देण्याचे मात्र राहते’. हे पूर्ण ध्रुवपदात एकदाच, कडव्यांनंतर फक्त पहिल्या दोन ओळी येतात. एकूण लांबी तीन मिनिटे तेवीस सेकंद.

२ जुलै

हार्मोनियम जुनी. तानपुऱ्याच्या ॲपपेक्षा साधारण पंधरा सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढी निघाली. ॲप हार्मोनियमला जुळवून घेतले, उलट करू नये. मिनिटात होणारे काम आहे, पण हे न करता आधी केलेली कच्ची मुद्रणे सगळी फेकावी लागली.

५ जुलै

तबल्याचे मुद्रण फसले. दुपारी जोराचा पाऊस. दमट हवेत पुडी (तबल्याचे कातडे) सैल होते आणि स्वर उतरतो. सुरुवातीला काळी चारला चोख लावलेला तबला दुसऱ्या कडव्यापर्यंत जवळजवळ अर्धा स्वर खाली आला होता. कानात क्लिक (लय धरायची टिकटिक) वाजत होते, तानपुरा नव्हता, म्हणून कुणालाच कळले नाही. हार्मोनियमवर ठेवून ऐकल्यावर कळले. वादकाचे दोन तास, दोन हजार रुपये पाण्यात. चूक आमची, वादकाच्या कानात तानपुरा द्यायला हवा होता.

९ जुलै

पुन्हा तबला, सकाळी सात वाजता. आधी तासभर एसी चालू ठेवून खोली कोरडी केली, मग मुद्रणापुरता बंद. प्रत्येक टेकआधी हातोडीने गठ्ठे आणि गजरा तपासून तानपुऱ्याशी जुळवणी. सात टेक, त्यातला चौथा घेतला. आणखी दोन हजार.

१३ जुलै

गायन, घरी. कपाटाची दारे उघडून कपड्यांकडे पाठ करून गायिका उभी, माइकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या. चार गोधड्यांनी खोलीचा घुमारा जवळपास गेला. भिंतीला लावायचा फोम घ्यायची गरज पडली नाही.

अडचण पहिल्या कडव्याच्या पहिल्याच ओळीची : ‘फॉर्म भरलाय, फोटो’. फ, भ, फ. प्रत्येक अक्षराचा वारा थेट माइकवर आदळून ‘धप्’ असा आवाज. ओळ लिहिताना याचा विचारच झाला नव्हता. पॉप फिल्टर (माइकपुढे लावायची जाळी) आणला, ४५० रुपये. तरी ‘भ’ फुटत होता. मग माइक तोंडासमोरून काढून नाकाच्या उंचीवर, किंचित बाजूला वळवून ठेवला, अंतर एक वीत. तेव्हा जमले. पातळी अशी की मोठा आवाजही उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ नये. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचे.

१४ जुलै

कालचे ऐकले. सूर उत्तम, पण ‘दार बरोबर, गॅस बरोबर’ छान गायले गेले आहे, म्हणजे चुकीचे गायले गेले आहे. इथे माणूस स्वतःला समजावतो आहे. हरकती काढायला सांगितल्या, आवाज बोलण्याइतका खाली आणला, ‘बरोबर’मधला ‘रो’ लांबवायचा नाही असे ठरवले. पाऊस पत्र्यावर वाजत असल्याने दोन तास नुसते थांबावे लागले. अकराव्या टेकला ओळ मिळाली. तिसरे कडवे मात्र घरी पावसाच्या आवाजाविना मिळेचना.

१६ जुलै

तिसऱ्या कडव्यासाठी स्टुडिओ, तीन तास, ताशी सहाशे, एकूण १,८००. खोलीचा पोत घरच्या मुद्रणाहून वेगळा पडतो, म्हणून स्वतःचाच माइक नेला आणि तेच अंतर ठेवले. तरी कान देऊन ऐकले तर जोड कळतो.

२० जुलै

मिक्सिंगची पहिली प्रत आली आणि दोन गोष्टी गेल्या होत्या. रिकामे आवर्तन व्हायोलिनच्या आवाजाने भरून टाकलेले. मिक्स करणाऱ्याला ती चूक वाटली, कारण आम्ही लेखी कळवलेच नव्हते. दुसरे, श्वास काढून टाकणाऱ्या प्रोग्रामने गायिकेचे सगळे श्वास पुसले होते. ‘दार बरोबर’आधीचा आखूड, तुटका श्वास हाच त्या कडव्याचा पुरावा होता. तो गेल्यावर ओळ यंत्राने म्हटल्यासारखी झाली. दोन्ही परत आणले. फक्त ध्रुवपदातले दोन मोठे श्वास सहा डेसिबलने खाली घेतले. ८० हर्ट्झखालचे सगळे आवाज गळ्याच्या ट्रॅकवरून काढले. शेवटची पातळी उणे १४ एलयूएफएस (गाणे कानाला किती मोठे वाटते ते मोजायचे एकक).

मिक्स करायला देताना ‘इथे शांतता हवी’ असे सेकंदांसकट लिहून द्यावे.

२३ जुलै

हिशेब : समुपदेशक १,०००, तबला ४,००० (त्यातले निम्मे वाया), पॉप फिल्टर ४५०, स्टुडिओ १,८००, मिक्सिंग आणि मास्टरिंग ४,५००. एकूण ११,७५० रुपये. गायिकेशी आणि संगीतकाराशी मानधनाऐवजी वाटणी ठरली आहे, कागदावर, तिघांच्या सह्यांनिशी. हा कागद पहिल्या दिवशी व्हायला हवा होता, झाला बावीस जुलैला. गाणे आवडू लागल्यावर असे कागद करणे अवघड जाते.

२५ जुलै

गाण्याखालच्या मजकुरात पूर्ण शब्द दिले आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक : १४४१६. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. क्रमांक मजकुराच्या पहिल्या ओळीत ठेवला. फोनवर दोन ओळींनंतरचे सगळे ‘आणखी’च्या आड जाते.

२७ जुलै

पुरुष आवाजात गाण्यासाठी मागणी आली म्हणून बदललेला पाठ इथे ठेवतो. ध्रुवपदात ‘वाट पाहतो’, ‘हाक मारतो, ऐकतो मीच’, आणि चौथी ओळ ‘ओ देणारा गप्प राहतो’. दुसऱ्या कडव्यात ‘मागे फिरलो’, ‘काय विसरलो’, ते जसेच्या तसे बसते. तिसऱ्यात ‘ठेवतो’, ‘काढतो’. अडचण पहिल्या कडव्याची. ‘सुटलो’शी जुळवायला ‘बटणापाशी येता अडलो’ केले तर मात्रा आणि यमक दोन्ही जमतात, पण बोट जाते, आणि मग तिसऱ्या कडव्यात कडीवर येणारे बोट कुठून आले ते कळत नाही. म्हणून तिथे यमक तुटू द्यावे, ‘बोट थबकले’ तसेच गावे आणि शेवटी ‘सुटलो’ म्हणून षड्जावर थांबावे. पट्टी काळी एक घेऊन पाहिली, ‘काय विसरलो’चा रिषभ तिथे आरामात लागतो.